हौसम्माचा स्वतःचा आवाज

मी किती चित्रपटांत बोललो, ते आता मलाही सांगता येणार नाही. मराठीत बोललो, तेलुगूत बोललो, कन्नडमध्ये पोटभर बोललो, आणि एका भोजपुरी चित्रपटासाठी तर होडीच्या तळाशी उताणा पडून, पोटावर वही ठेवून तासभर बोललो. यातल्या एकाही चित्रपटात माझा आवाज ऐकू येत नाही, आणि तेच माझं कर्तृत्व. माझा धंदा प्रॉम्प्टिंगचा. नटाला पुढचं वाक्य आठवून द्यायचं. हे काम चांगलं झालं तर कुणाला पत्ता लागत नाही, वाईट झालं तर शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळतं.

हा धंदा मी एकाच नटीसाठी केला. हौसाताई तिडके. नावावरून तुम्हाला काही आठवणार नाही. चेहरा पाहिलात तर मात्र म्हणाल, अरे, ही तर त्याची आई. कुणाची, ते तुम्ही कुठल्या भाषेतले चित्रपट पाहता त्यावर. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरची काही वर्षं ताई चार भाषांतल्या नायकांच्या आई होत्या. त्यांनी नायकांना जन्म दिला, रागावून घराबाहेर काढलं, ताटावर बसवून भरवलं, आणि निम्म्या चित्रपटांत मध्यंतराच्या आत प्राण सोडला. तिकडे तेलुगूत त्यांना हौसम्मा म्हणायचे. शिक्षण चौथी. राहणं मखमलाबादच्या बाजूला, शेवंतीच्या मळ्यात.

आमची ओळख हारांमुळे झाली. मी तेव्हा अंबडला एका कारखान्यात फिटर होतो आणि आमच्या कामगार नाट्यमंडळाचा हक्काचा प्रॉम्प्टर. हक्काचा अशासाठी, की मला अभिनय येत नव्हता हे दोनदा सिद्ध झालं होतं. स्पर्धेच्या दिवशी आईचं काम करणारी बाई तापानं फणफणली. तिसरी घंटा व्हायला अर्धा तास. तेवढ्यात नटराजाच्या पूजेचे हार घेऊन एक चाळिशीची बाई मागच्या दारानं आत आली. मी तिच्यासमोर हात जोडून उभा राहिलो.

"ताई, उभ्या राहाल का स्टेजवर?"

"कशाला?"

"आई व्हायचंय. या शिंद्याची."

त्यांनी शिंदेकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. शिंदे आमचा हीरो, टर्नर, मिशा आणि थोडी ढेरी.

"हा तर माझ्यापेक्षा थोराड दिसतोय."

"मेकअप करू ना."

"कोणाला? मला का त्याला?"

मग दोन अंक मी विंगेतून बोललो आणि त्या माझ्यामागून बोलल्या. मी वाक्य सांगायचो, त्या ऐकायच्या, एक क्षण थांबायच्या आणि म्हणायच्या. परीक्षकांनी निकालपत्रात लिहिलं की आईच्या भूमिकेतले विराम फार बोलके होते. ते विराम म्हणजे हौसाताई मला शोधत होत्या. पण वाक्य एकदा त्यांच्या तोंडात गेलं की ते नाटककाराचं राहायचं नाही. एका ठिकाणी मुलाला 'चालता हो' म्हणायचं होतं. त्यांनी ते इतक्या हळू म्हटलं, की शिंदे खरंच चालता झाला आणि पुढची दोन पानं उडाली.

त्या परीक्षकांपैकी एकानं त्यांना एका मराठी चित्रपटात नेलं. तो पाहून तेलुगूवाल्यांनी बोलावलं. पहिल्या तेलुगू बोलावण्याला ताई माझ्या घरी आल्या आणि म्हणाल्या, "दिनू, मला त्यांचं ओ की ठो कळत नाय. तू चल." मी कारखान्यातून पंधरा दिवसांची रजा काढली. पुढे अशा रजा इतक्या झाल्या, की साहेबांनीच एकदा विचारलं, मधूनमधून कामावर येता ते कशासाठी.

आता हे काम चालतं कसं ते सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला वाटतं की नट भाषा शिकतो. तेवढा वेळ कुणाला असतो? सकाळी सहायक दिग्दर्शक येतो आणि हातात दोन पानं देतो. दुपारी शॉट. आमच्या काळी तिकडे सेटवरचा आवाज चित्रपटात वापरतच नसत. नंतर स्टुडिओत दुसरी व्यक्ती पडद्याकडे बघून त्या नटाच्या ओठांवर आपला आवाज बसवायची, म्हणजे डबिंग. त्यामुळे सेटवर जनरेटर घुरघुरायचा, दिग्दर्शक ओरडायचा, आणि कॅमेऱ्याच्या बाजूला उभा राहून माझ्यासारखा माणूस खुशाल मोठ्यानं वाक्य सांगायचा. नटानं ओठ हलवले की काम झालं.

काही जण तर ओठांचाही हिशेब करत. मुंबईहून आलेला एक खलनायक होता, उंच, देखणा, आवाज नगाऱ्यासारखा. ताई त्याची मरणारी आई. त्यानं आईचा हात हातात घेतला आणि डोळ्यांत पाणी आणून सुरू केलं, "एक, दो, तीन, चार..." बत्तीसपर्यंत गेला. अठ्ठावीसला हुंदकाही दिला. नंतर डबिंगवाला त्या आकड्यांवर तेलुगू वाक्यं बसवणार होता. ताई पाठ केलेलं तेलुगू शब्दन् शब्द बोलून, नियमाप्रमाणे मेल्या. कट झाल्यावर उठल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "तेहतीस राहिलं, बाळा."

ताईंचा हट्ट असा, की अर्थ कळल्याशिवाय शब्द तोंडात घ्यायचा नाही. म्हणून आमच्या वह्यांत प्रत्येक वाक्याच्या तीन ओळी असायच्या. वरच्या ओळीत तेलुगू किंवा कन्नड उच्चार, आपल्या लिपीत. त्याखाली शब्दाखाली शब्द, मराठी अर्थ. तो मी सहायकाला हिंदीत विचारून घ्यायचो आणि त्याचा जीव खायचो. तिसऱ्या ओळीत फक्त फुल्या. जिथे फुली, तिथे श्वास. मग ताई फुलांची टोपली मांडीशी घ्यायच्या. घरून निघताना सुई-दोरा बरोबर असायचा, फुलं त्या गावच्या बाजारातून. एक शब्द, एक फूल. श्वासाच्या जागी एक पान. हार पुरा झाला की वाक्य पाठ. मग तो हार सेटवरच्या देवाला, नाहीतर कॅमेऱ्याला. एकदा जेवण वाढणाऱ्या पोरीच्या गळ्यात घातला, ती दिवसभर काढेना.

हा हट्ट फुकट नव्हता, हे मला एकदा फार लाजून कळलं. एकाच सेटवर एकच गोष्ट दोन भाषांत चालली होती. सकाळी तेलुगू, जेवणानंतर कन्नड. नायक वेगळे, आई तीच. तेलुगूत मुलगा मरायचा आणि कन्नडमध्ये परत यायचा, कारण म्हणे तिकडच्या लोकांना नायक मेलेला चालत नव्हता. मी घाईत कन्नडच्या शॉटला तेलुगूची वही उघडली आणि सांगायला लागलो. दोन वाक्यं ताई बोलल्या. तिसऱ्याला थांबल्या.

"दिनू, हा समोर बसून भात खातोय आणि मी याचे दिवस घालू?"

नुसते उच्चार घोकणाऱ्याला हे कळलं नसतं. आकडे मोजणाऱ्या नटाला तर मुळीच नाही.

पण या सगळ्यात एक गोष्ट ताईंना खुपायची, आणि ती मला एका सकाळी त्र्यंबकला कळली. आम्ही दर्शनाला गेलो होतो. तिथे आंध्रातली माणसं पूजेला कायम असतात. एका हाराच्या दुकानापाशी सहा-सात बायकांचा घोळका ताईंकडे बघून थबकला. एक जण पुढे आली, ताईंच्या पाया पडली, गालावरून हात फिरवला. ताई खूश. इतक्या वर्षांत जमवलेलं मोडकं तेलुगू काढलं आणि तिला विचारलं की कुठून आलात, प्रवास कसा झाला. त्या बाईचा चेहरा बदलला. ती मागे वळून बाकीच्यांना काहीतरी म्हणाली आणि सगळ्या हसत निघून गेल्या.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाली, ही ती नाय. दिसते तशी, पण आवाज निराळा हाय."

परतीच्या वाटेवर सातपूर आल्यावर एकदम म्हणाल्या, "मी त्यांच्या इथं काय फोटो लावलाय का रे भिंतीवर? तोंड माझं आणि बोलते दुसरीच."

ती दुसरी बाई हैदराबादला होती. ताईंच्या सगळ्या तेलुगू भूमिकांना तिचाच आवाज. ताईंनी तिच्याबद्दल कधी वाकडा शब्द काढला नाही. एवढंच म्हणायच्या, "चांगली रडते. पण माझ्यापेक्षा जरा जास्तच रडते." मात्र त्या दिवसापासून त्यांनी एकच धरलं. एकदा, निदान एका तेलुगू चित्रपटात, आईला आपला आवाज पाहिजे.

एका निर्मात्यानं भिडेखातर त्यांना डबिंगला बसवून पाहिलं. अंधारी खोली, कानावर हेडफोन, समोर पडद्यावर त्याच रडतायत आणि इथे त्यांनी ओठ बघून तसंच बोलायचं. तीन तास प्रयत्न केला. जमेना. वाक्य पाठ होतं, पण पडद्यावरच्या बाईच्या मागे धावत बोलणं त्यांच्या हाडात नव्हतं. बाहेर येऊन म्हणाल्या, "मघाशी रडले ते खरं होतं. आता त्याची नक्कल काय करू, तीही माझीच?" निर्मात्यानं चहा पाजला आणि हैदराबादच्या बाईंना बोलावणं धाडलं.

नंतरची सहा-सात वर्षं ताई प्रत्येक तेलुगू दिग्दर्शकाला तेच विचारत आणि प्रत्येक जण 'देखते हैं अम्मा' म्हणे. दोन हजार साल उलटून गेल्यावर श्रीधर नावाचा एक तरुण दिग्दर्शक भेटला. त्याच्या डोक्यात नवीन खूळ होतं. चित्रपटातला एक प्रसंग त्याला जागेवरच्या आवाजात घ्यायचा होता. म्हणजे जे सेटवर बोललं जाईल तेच पडद्यावर. डोंगराळ मुलूख हवा होता, म्हणून ताईंनी त्याला हरसूलकडे आणलं. तिथे एका डोंगराच्या पायथ्याशी त्यानं झोपडी बांधून घेतली.

प्रसंग असा. मुलगा मोठा अधिकारी होऊन बारा वर्षांनी आईकडे येतो, तिला शहरात न्यायला. झोपडीच्या उंबऱ्यावर दोघं बसतात. आई तीन-साडेतीन मिनिटं एकटी बोलते. बारा वर्षांचं सगळं काढते, आणि शेवटी नाही म्हणते. शेवटचं वाक्य मोठं जोरदार होतं, ही माती माझी आई आहे वगैरे.

श्रीधर हिंदीत म्हणाला, "अम्मा, एकाच शॉटमध्ये घेणार. मध्ये तोडणार नाही. जमलं तर आवाज तुमचा. नाही जमलं तर चित्र ठेवू आणि आवाज नेहमीप्रमाणे हैदराबादला."

"आणि मास्तर सांगणार?" ताईंनी माझ्याकडे बोट केलं.

"मास्तर सांगायला लागले तर मास्तरही रेकॉर्ड होतील."

सगळे हसले. मीही हसलो. पण मनात वर्षं मोजली. बारा-तेरा वर्षं ताईंनी माझ्या आवाजाशिवाय तेलुगूत एक शॉट दिला नव्हता.

आठ दिवस आम्ही त्या साडेतीन मिनिटांवर बसलो. हरसूलच्या आठवडी बाजारात फुलं मिळाली नाहीत म्हणून ताईंनी मळ्यातून शेवंतीची गोणी मागवली. त्र्यंबकच्या लॉजच्या खोलीत इतके हार झाले, की मालकानं विचारलं, लग्न कुणाचं आहे. आठव्या दिवशी ताई मला एकही शब्द न विचारता सगळं बोलल्या, दोनदा.

शॉट दुपारी चारचा. उन्हाळा होता. दिग्दर्शकाला उंबऱ्यावरचं कडक ऊन हवं होतं, आणि पाच वाजता डोंगराची सावली झोपडीवर यायची. म्हणजे हातात एक तास. त्यातही तालमी. जनरेटर लांब नेला होता. कोंबड्या हाकलल्या होत्या. गावातली माणसं शंभर पावलांवर बसवली होती आणि ती इतकी शांत होती, की मला त्यांचाच धाक वाटला. मी कॅमेऱ्याशेजारी उभा. वही मिटलेली नव्हती. मिटायला हवी होती.

ताई बोलायला लागल्या. मी काय सांगू? इतकी वर्षं मी त्यांची वाक्यं आधी उच्चारली होती, त्यामुळे ती कधी ऐकली नव्हती. त्या दिवशी पहिल्यांदा ऐकत होतो. नेहमीच्या पडद्यावरच्या आईसारखं रडणं नाही, गळा काढणं नाही. मळ्यात मजुराला कामं सांगावीत तशा त्या मुलाला बारा वर्षं सांगत होत्या. कुठली म्हैस मेली, कोण शेजारी गेलं, कुठल्या पावसात भिंत पडली. तो नट, चांगला शिकलेला पोरगा, अभिनय विसरून ऐकत होता.

तीन मिनिटं झाली. शेवटचा भाग यायचा होता. आणि ताई थांबल्या.

नाटकाच्या प्रॉम्प्टरला पहिल्या दिवशी एक गोष्ट शिकवतात. नट थांबला, तर आधी त्याच्या डोळ्यांकडे बघ. विसरला असेल तर डोळे भिरभिरतात. मुद्दाम थांबला असेल तर डोळे समोरच्याला सोडत नाहीत. मी ते कितीतरी नवशिक्यांना शिकवलं आहे. त्या क्षणी माझे डोळे वहीत होते. मला फक्त शांतता ऐकू आली. आणि तेरा वर्षांच्या सवयीनं मी पुढच्या वाक्याचा पहिला शब्द दिला. स्वच्छ, खणखणीत, शंभर पावलांवरच्या माणसांनाही ऐकू जाईल असा.

ताई मुद्दाम थांबल्या होत्या.

रेकॉर्डिंगवाल्यानं कानावरचे हेडफोन काढले आणि म्हणाला, "ये कौन था?" सगळे माझ्याकडे बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा मी चित्रपटात ऐकू आलो होतो.

श्रीधर भला माणूस. रागावला नाही. ताईंजवळ गेला आणि म्हणाला, "अम्मा, शॉट फार सुंदर झालाय. एवढा सुंदर परत होणार नाही. हाच ठेवू. आवाजाचं हैदराबादला बघू."

तो कौतुक करत होता, आणि त्या कौतुकात ताईंचं सगळं गेलं होतं. मी पुढे झालो. माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानंच गप्प केलं.

"परत घ्यायचा," त्या म्हणाल्या.

"अम्मा, एकच रीळ उरलंय. आणि सावली बघा."

सावली झोपडीच्या बाजूच्या कुडावर चढली होती. श्रीधरनं घड्याळ पाहिलं, कॅमेरामननं आभाळ पाहिलं. वीस मिनिटं, कॅमेरामन म्हणाला.

"लय झाली," ताई म्हणाल्या.

मी म्हणालो, "ताई, मी गाड्यांपाशी जातो. इथे थांबतच नाही."

"पळायचं नाय. तू समोर दिसला नाय तर मला सुधरायचं नाय." त्यांनी उंबऱ्यावरचा तांब्या उचलला आणि माझ्यापुढे धरला. "हे घे. तोंडात पाणी धर. गिळायचं नाय, सांडायचं नाय. मी उठेपर्यंत."

युनिटची माणसं हसायला लागली. मी पाणी तोंडात घेतलं. पन्नाशीकडे झुकलेला माणूस, गाल फुगलेले, काखेत वही. ती वहीही ताईंनी काढून घेतली आणि झोपडीत टाकली.

दुसरा शॉट सुरू झाला. तो पहिल्यासारखा नव्हता. पहिल्यात ताई शांत होत्या, यात आतून कुठेतरी चिडलेल्या होत्या, बहुतेक माझ्यावर. तो राग त्या मुलाला मिळत होता आणि प्रसंगाला शोभत होता. म्हैस मेली. शेजारी गेला. भिंत पडली. मग तो विराम आला. मी या वेळी डोळ्यांकडे बघत होतो. डोळे मुलावर, स्थिर. माझ्या तोंडातलं पाणी कोमट झालं होतं. विराम संपला, त्या पुढे निघाल्या. तीन वाक्यं, चार वाक्यं. उरलं फक्त शेवटचं, मातीचं.

आणि ताईंचे डोळे मुलावरून निसटले. डावीकडे, जमिनीकडे. या वेळी त्या खरंच विसरल्या होत्या.

मला ते वाक्य पाठ होतं. माझ्या जिभेवर होतं, आणि जिभेवर पाणी होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दोन पावलांवर उभा होतो आणि काही करू शकत नव्हतो. नुसतं थुंकण्याचाही आवाज झाला असता. त्या बघत होत्या आणि मी गाल फुगवून त्यांच्याकडे बघत होतो. इतका निरुपयोगी मी आयुष्यात झालेलो नाही. कॅमेरा फिरत होता. श्रीधरनं हात वर केला होता, कट म्हणायला.

ताईंनी माझ्यावरून नजर काढली. पुन्हा जमिनीकडे नेली. तिथे मुलानं आत येताना काढलेल्या चपला होत्या, उंबऱ्याबाहेर, रणरणत्या उन्हात. त्या चपलांकडे बघून, मघाच्या सगळ्या रागातून खाली उतरत, त्या म्हणाल्या, "चेप्पुलु नीडलो पेट्टु. काळ्ळु कालतायि."

चपला सावलीत ठेव. पाय भाजतील.

हे वाक्य कुठल्याही पानावर नव्हतं. लेखकानं लिहिलेलं नव्हतं, सहायकानं सांगितलेलं नव्हतं, मी उतरवलेलं नव्हतं. जेवण वाढणाऱ्या बायकांशी, कपडेपटातल्या म्हातारीशी, तिकडच्या फुलवाल्यांशी बोलून बोलून त्यांनी जे तेलुगू अंगाला लावून घेतलं होतं, त्यातून ते आलं होतं. माझ्या पाठीमागे कधीतरी या बाईला ती भाषा मनातलं बोलण्याइतकी येऊ लागली होती आणि मला, तिच्या मास्तराला, पत्ताही नव्हता.

त्या पोरानं काय करावं? तो उठला. उन्हात गेला, चपला उचलल्या. डोंगराची सावली आता उंबऱ्यापासून दोन हातांवर आली होती. त्या सावलीच्या कडेच्या आत त्यानं चपला ठेवल्या, एकीला एक लावून, आणि आईशेजारी येऊन बसला. श्रीधरचा हात अजून वर होता आणि कट काही येईना. रीळ संपल्याचा आवाज आला तेव्हा शॉट संपला.

रेकॉर्डिंगवाला हेडफोन काढत नव्हता. श्रीधर चालत उंबऱ्यापाशी आला आणि खाली बसला.

"अम्मा, ते वाक्य माझं नव्हतं."

"तुमचं विसरले," ताई मराठीतच म्हणाल्या.

त्याला कळलं. त्यानं चपलांकडे पाहिलं. "मग मातीचं वाक्य काढून टाकू," तो म्हणाला. "हेच ठेवू."

"आणि आवाज?"

"अम्मा, ही ओळ दुसऱ्या कुणाला म्हणायला सांगू? मला तर आत्ता कळली."

ताईंनी पदरानं तोंड पुसलं. कुणी पाहू नये म्हणून बराच वेळ पुसलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "गिळ आता."

मी गिळलं. आणि झोपडीत टाकलेली वही उचलायला गेलो.

चित्रपट लागला तेव्हा त्या प्रसंगात ताईंचाच आवाज होता. बाकीच्या प्रसंगांत हैदराबादच्या बाई, नेहमीप्रमाणे जरा जास्त रडल्या. त्या बाईंनी नंतर ताईंना कळवलं, की चपलांचं वाक्य मी असं कधीच म्हटलं नसतं. ताईंनी तो निरोप मला चार वेळा ऐकवला. पुढच्या तेलुगू चित्रपटाचं बोलावणं आलं तेव्हा मी सवयीनं रजेचा अर्ज लिहायला घेतला. ताई म्हणाल्या, "तेलुगूला कशाला येतोस? कन्नडला ये." अर्ज मी फाडला. मग सायकल काढून सगळ्या अंबडभर सांगत सुटलो, की माझी निम्मी नोकरी गेली, आणि ज्यानं ऐकलं त्यानं माझा चेहरा बघून विचारलं की मग पेढे कधी.